ऑनलाइन कॉमिक स्ट्रिप नीट फॉलो करायच्या कशा आणि ग्रुपवर त्यावरून वाद घालायचा कसा

ग्रुपवर दर आठवड्याला हेच होतं. कोणीतरी एक स्ट्रिप टाकतं, खाली "बघा, आजकाल किती घसरलंय हे" असं लिहितं, दहा मिनिटांत पाच जण तुटून पडतात, आणि संध्याकाळी कळतं की ती स्ट्रिप आजची नाहीच, पंचवीस वर्षं जुनी आहे, नाहीतर रविवारच्या स्ट्रिपची वरची ओळच कोणीतरी कापलीय, नाहीतर मधले तीन दिवस कोणी वाचलेलेच नाहीयेत. म्हणजे वाद मतावरून झालाच नाही, अर्धवट वाचल्यावरून झाला. याचं वाईट वाटतं, कारण स्ट्रिपवर वाद घालण्यात खरंच मजा आहे, चार चौकटींत माणसाने काय काय बसवलंय ते चार जणांनी मिळून बघितलं की जास्त दिसतं.

म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. पहिले तीन टप्पे कंटाळवाणे वाटतील पण तेच गाळू नका, बहुतेक भांडणं तिथेच चुकलेली असतात.

टप्पा १: आधी मोजक्या स्ट्रिप निवडा

नवीन माणूस काय करतो, साइट उघडतो, दिसेल त्याला फॉलो मारतो, आठवड्याभरात वीस स्ट्रिपचा ढीग साठतो आणि मग काहीच धड वाचलं जात नाही. तीन-चारच घ्या, पण वेगवेगळ्या जातीच्या घ्या.

एक रोजच्या विनोदाची, म्हणजे जिच्यात आजचं आज संपतं. गारफिल्ड, बीटल बेली, हेगार वगैरे. एक चालू कथानकाची, फँटमसारखी, जिच्यात गोष्ट काही महिने चालते. एक संपलेली, जिची सुरुवात आणि शेवट दोन्ही माहीत आहेत: कॅल्विन अँड हॉब्स १८ नोव्हेंबर १९८५ ला सुरू झाली आणि ३१ डिसेंबर १९९५ ला संपली, म्हणजे पूर्ण दहा वर्षांचं काम समोर मांडलेलं आहे, त्यावर वाद घालायला भक्कम जमीन मिळते. आणि एक मराठी. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू नोव्हेंबर १९९१ मध्ये सकाळमध्ये सुरू झाला, आपल्यातले कितीतरी जण त्याच्यावरच वाचायला शिकलेत.

इथेच एक गोष्ट क्लिअर करून घ्या. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन ही रोजची एक चौकट होती, शि. द. फडणीसांची हास्यचित्रं पण एकाच चित्रात सगळं सांगतात, तेही बहुतेक वेळा शब्दांशिवाय. स्ट्रिपमध्ये चौकटीमागून चौकट येते, वेळ पुढे सरकतो, आणि मधल्या फटीत काय झालं ते वाचणाऱ्याने भरायचं असतं. दोन्ही एकाच मापाने मोजायला गेलात तर "लक्ष्मण एका चौकटीत सांगायचे, याला चार का लागतात" हा निरर्थक वाद सुरू होतो आणि तो कधीच संपत नाही.

तपासा: निवडलेली प्रत्येक स्ट्रिप चालू आहे, संपलीय की जुनी परत लावतायत, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर टप्पा ३ आधी वाचा.

टप्पा २: कुठून वाचणार ते पक्कं करा

फॉरवर्ड हा सोर्स नाही, फेसबुक पेज हा पण सोर्स नाही. इंग्रजी स्ट्रिपसाठी मुख्य जागा दोनच. पीनट्स, गारफिल्ड, कॅल्विन, नॅन्सी, डून्सबरी ही मंडळी गोकॉमिक्स या साइटवर. फँटम, ब्लाँडी, बीटल बेली, हेगार कॉमिक्स किंगडमवर, म्हणजे पेपरांना स्ट्रिप पुरवणाऱ्या किंग फीचर्स कंपनीच्या घरी. दोन्हीकडे काय फुकट आणि काय पैसे भरून, हे नियम मधूनमधून बदलतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी तुमची स्ट्रिप तिथे किती मागपर्यंत आहे ते उघडून बघा.

मराठीसाठी पेपरचा स्वतःचा एपेपर. यात एक बारीक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे आवृत्ती. मुंबई आवृत्तीची पुरवणी आणि पुण्याची पुरवणी सारखीच असेल असं नाही. ठाण्यातला मित्र म्हणतो पान चारवर आहे, पुण्याची मावशी म्हणते आमच्याकडे नाहीच, आणि दोघंही खरं बोलत असतात. एपेपरमध्ये क्लिपची सोय असेल तर तीच वापरा, क्लिपवर तारीख आणि आवृत्ती येते, स्क्रीनशॉटवर काहीच येत नाही.

पेपरच्या आख्ख्या पीडीएफ ग्रुपवर टाकणं मात्र बंद करा. यावरून २०२० मध्ये दैनिक जागरण टेलिग्रामविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेला होता आणि कोर्टाने ते चॅनल काढायला लावले होते. लिंक द्या, चर्चेसाठी लागणारी एखादी स्ट्रिप दाखवा, तेवढं पुरतं.

आता वेळ. अमेरिकन स्ट्रिप साधारण तिथल्या पूर्व किनाऱ्याच्या मध्यरात्रीला बदलतात. म्हणजे आपल्याकडे उन्हाळी वेळेत सकाळी साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार, या दोन दिवशी तिथली घड्याळं सरकतात. हे माहीत नसल्यामुळे होतं काय, की सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये बसलेला माणूस "आजची" म्हणून जी टाकतो ती कालची असते आणि अकराला ऑफिसमध्ये उघडणारा दुसरीच बघतो. दोघं एकमेकांना खोटं पाडत बसतात. आमच्या ग्रुपवर सरळ नियम आहे, आजच्या स्ट्रिपवर बोलायचं ते जेवणाच्या सुट्टीनंतर. तुम्हीही असाच काहीतरी करा.

सावधान: मुंबईच्या छापील पेपरात आज आलेली परदेशी स्ट्रिप आणि साइटवरची आजची स्ट्रिप एकच असते असं अजिबात धरून चालू नका.

टप्पा ३: ही स्ट्रिप नेमकी कधीची

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

साइटवर वर लिहिलेली तारीख ही ती तिथे लागल्याची तारीख असते. स्ट्रिप काढल्याची असेलच असं नाही. पीनट्सचं बघा. २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली, ती काढणारे चार्ल्स शुल्झ १२ फेब्रुवारी २००० ला गेले आणि शेवटची रविवारची स्ट्रिप दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीला छापून आली. त्यानंतर नवीन एकही नाही. आज रोज जी लागते ती पुनर्मुद्रण आहे. तरी लोक खाली लिहितात की हल्ली पूर्वीसारखी राहिली नाही! डून्सबरी या राजकारणावरच्या स्ट्रिपमध्ये आणखी गोंधळ, कारण २०१४ पासून तिथे सोमवार ते शनिवार जुन्या लागतात आणि फक्त रविवारची नवीन असते, त्यामुळे शनिवारी एक राष्ट्राध्यक्ष आणि रविवारी भलताच. फॉक्सट्रॉट २००६ च्या अखेरीपासून फक्त रविवारीच नवीन येते. फॉर बेटर ऑर फॉर वर्सची मूळ गोष्ट २००८ मध्ये संपली आणि मग ती पहिल्यापासून परत लावायला घेतली, तेव्हा मधेच उघडणाऱ्याला वाटतं मोठी झालेली मुलं परत लहान कशी झाली.

मग ओळखायचं कसं? हे करा, याच क्रमाने.

१. झूम करा आणि चौकटीची कड आणि दोन चौकटींमधली फट बघा. तिथे बारीक अक्षरात कॉपीराइटची ओळ असते, बऱ्याचदा वर्ष पण असतं. पुष्कळ स्ट्रिपमध्ये चित्रकाराने स्वतःच्या हाताने महिना-दिवस लिहिलेला असतो. लक्षात ठेवा, अमेरिकन पद्धतीत महिना आधी येतो. ३-७ म्हणजे सात मार्च, तीन जुलै नव्हे. पावसाळ्याच्या दिवसात बर्फ का पडतोय असा प्रश्न पडला तर आधी हे तपासा.

२. त्या एकट्या आकड्यावर विसंबू नका. सिरीज चालू आहे की संपली ते शोधा, चित्रकार बदललाय का ते शोधा. ब्लाँडी १९३० पासून चालू आहे, साहजिकच एका माणसाचं काम नाही ते. नॅन्सी २०१८ मध्ये ऑलिव्हिया जेम्स या टोपणनावाने काढणाऱ्या चित्रकार बाईंकडे गेली आणि एका दिवसात तिची चालच बदलली. "नॅन्सी आवडते" असं कोणी म्हणालं तर कोणाच्या हातची, हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नका.

३. स्ट्रिप मूळ आहे का ते बघा. फुग्यातले, म्हणजे पात्रांच्या तोंडचे, शब्द बदलून फिरवलेल्या स्ट्रिप ढिगाने आहेत. कॅल्विनच्या तोंडी जीवनाचं तत्त्वज्ञान घालून सूर्यास्ताच्या फोटोवर चिकटवलेलं असतं ते तर बहुतेक वेळा तपासलेलंच नसतं. आणि गाड्यांच्या काचांवर कॅल्विनचे जे स्टिकर दिसतात त्यांचा कॅल्विन काढणाऱ्या बिल वॉटरसनशी काही संबंध नाही, त्यांनी अशा वस्तूंना परवानगी द्यायचं कायम नाकारलं. ओळ शोधून संग्रहात सापडली तरच ती स्ट्रिपमधली.

४. नाव तेच पण स्ट्रिप दुसरी, असंही होतं. डेनिस द मेनेस नावाची दोन पोरं आहेत, एक अमेरिकेत आणि एक ब्रिटनच्या बीनो साप्ताहिकात, आणि दोघांची सुरुवात योगायोगाने एकाच दिवशी, १२ मार्च १९५१ ला झाली. अमेरिकन डेनिस सोनेरी केसांचा, शेजारच्या मिस्टर विल्सनना छळणारा. ब्रिटिश डेनिस काळ्या विस्कटलेल्या केसांचा, लाल-काळ्या पट्ट्यांच्या स्वेटरचा. "तो मुळात गोड पोरगा आहे" आणि "नाही, तो पक्का गुंड आहे" असं दोन माणसं तासभर भांडली तर समजून घ्या की दोघांचे डेनिस वेगळे आहेत.

सावधान: रंगीत आहे म्हणजे रविवारची, हा नियम छापील पेपरच्या काळातला. ऑनलाइन रोजच्या स्ट्रिपही रंगवून लावतात.

टप्पा ४: क्रमाने वाचा, पण कोणता क्रम?

विनोदाच्या स्ट्रिपमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही. तिथे पण एकच विषय आठवडाभर चालवतात, तेव्हा बुधवारची बघून मत देण्याआधी सोमवार-मंगळवार बघा, एवढंच.

कथानकाच्या स्ट्रिपमध्ये मात्र क्रम म्हणजे सगळं काही. फँटमची रोजची स्ट्रिप फेब्रुवारी १९३६ ला सुरू झाली आणि रविवारची १९३९ ला, आणि या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. सोमवार ते शनिवार एक गोष्ट, रविवार ते रविवार दुसरी. नवीन वाचक शनिवारवरून रविवारवर जातो, त्याला वाटतं मधलं काहीतरी सुटलं, मग सोमवारी परत वेगळंच, आणि तो ग्रुपवर येऊन लिहितो की लेखकाला काही कळत नाही. दोन वेगळे बुकमार्क करा, एक रोजचा, एक रविवारचा, आणि एकाच बैठकीत दोन्ही वाचू नका.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. बरेच जण फँटमला वेताळ म्हणून ओळखतात, कारण टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये १९६४ पासून तो मराठीतून वाचला. त्या अंकांसाठी वर्तमानपत्री स्ट्रिपच्या चौकटी कापून, सरकवून पानात बसवलेल्या असत आणि काही चौकटी चक्क गाळलेल्या असत. नावंही बदललेली, फँटमच्या मूळ बंगाला या काल्पनिक देशाचं नाव डेंकाली झालं. त्यामुळे ग्रुपमधले एखादे काका ठामपणे सांगतात "हा प्रसंग गोष्टीत नव्हताच" तेव्हा ते त्यांनी वाचलेल्या अंकाबद्दल बरोबर असतात. त्यांना खोडायला जाऊ नका, अंक कोणता ते विचारा. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकांच्या स्टॉलवर असा अंक हाताला लागला तर ऑनलाइन स्ट्रिपशेजारी ठेवून चौकट-चौकट लावून बघा, काय कापलंय ते कळायला लागलं की एक संपूर्ण संध्याकाळ जाते आणि ती वाया जात नाही.

रविवारच्या स्ट्रिपचं वेगळं सांगायला हवं. ती मोठी असते, दोन-तीन ओळींची, आणि पहिल्या ओळीत नावाची चौकट आणि एक छोटासा वेगळा विनोद असतो. ही ओळ मुद्दामच अशी केलेली असते की एखाद्या पेपरला जागा कमी पडली तर ती गाळता यावी. म्हणून एकाच रविवारच्या स्ट्रिपची दोन रूपं फिरतात, वरच्या ओळीसकट आणि ओळीशिवाय. फॉरवर्डवर येतं ते बहुतेक कापलेलं. वॉटरसन यांना या कापाकापीचाच राग होता, मोठ्या सुट्टीवरून १९९२ मध्ये परत आल्यावर त्यांनी रविवारची स्ट्रिप न कापता येईल अशी अर्ध्या पानाची द्यायला सुरुवात केली. १९९२ च्या आधीचा एक रविवार आणि नंतरचा एक रविवार शेजारी उघडून बघा, चौकटी कशा मोकळ्या झाल्यात ते कोणी सांगायची गरज पडत नाही.

तपासा: रविवारच्या स्ट्रिपमध्ये नावाची चौकट दिसतेय का? नसेल तर तुमच्याकडे अर्धीच स्ट्रिप असण्याची शक्यता आहे.

टप्पा ५: शब्दांच्या आधी चित्र

फोनवर लोक फुगे वाचतात आणि पुढे सरकतात. फोन आडवा धरा, म्हणजे चारही चौकटी एका ओळीत येतील. काही ठिकाणी त्या दोनावर दोन अशा लावतात, तेव्हा डावीकडून उजवीकडे आणि मग खाली. उभं वाचलं की दुसऱ्या नंबरला तिसरी चौकट येते आणि विनोद मेला. ट्रेनमध्ये नेट येत-जात असतं, इमेज अर्धीच लोड होते, ती पूर्ण उतरल्याशिवाय मत बनवू नका.

पहिल्यांदा फुगे न वाचता फक्त चित्रं बघा: कोण कुठे उभं आहे, कोणाची नजर कोणाकडे आहे, कोणती वस्तू एका चौकटीत आहे आणि पुढच्या चौकटीत नाही. मग शब्द वाचा, मग परत चित्रं.

कॅल्विन अँड हॉब्सवरचा सगळ्यात जुना वाद घ्या, कॅल्विन या पोराचा सोबती हॉब्स खरा वाघ की कापडी खेळणं. हा वाद शब्दांवरून कधीच पुढे जाणार नाही, चौकटीवरून जातो. कॅल्विन आणि हॉब्स दोघंच असतात तेव्हा हॉब्स उंच, दोन पायांवर चालणारा, कॅल्विनपेक्षा मोठा काढलेला असतो. आई, बाबा किंवा वर्गातली सूझी चौकटीत आली की त्याच जागी लहान, बटणासारख्या डोळ्यांचं खेळणं. आता ज्या स्ट्रिपमध्ये कॅल्विन जादूगारासारखा सुटून दाखवायला म्हणून स्वतःला हॉब्सकडून खुर्चीला बांधून घेतो, आणि मग बाबांना सापडतो तो घट्ट बांधलेला, ती उघडा. बाबांना कळत नाही हे पोराने स्वतःच स्वतःला कसं केलं. खेळणं असेल तर गाठी कोणी मारल्या? खरा असेल तर बाबांना तो दिसत का नाही? वॉटरसन यांनी स्वतः सांगितलंय की कॅल्विनला तो एक दिसतो आणि बाकी सगळ्यांना दुसरा, आणि दोन्ही ते तसेच ठेवतात. माझ्या मते ते बरोबरच केलं, पण हे मत मी ती खुर्चीची चौकट समोर ठेवून देतोय, आणि तुम्हाला खोडायचं असेल तर तीच चौकट तुमच्या हातात आहे. वादासाठी असा पुरावा लागतो.

टप्पा ६: न कळलेल्या विनोदाचा संदर्भ शोधा

"यात हसण्यासारखं काय आहे" असं टाइप करण्याआधी पाच मिनिटं खर्च करा. बऱ्याचदा विनोद तिथल्या ऋतूचा असतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, २ फेब्रुवारीला ग्राउंडहॉग डे. पानगळीत अंगणातली पानं झाडून ढीग लावायचा आणि पोरांनी त्यात उडी मारायची, हे मुंबईत वाढलेल्याला आपोआप सुचणार नाही. पीनट्समध्ये लूसी चार्ली ब्राऊनच्या पायापुढून बॉल ऐन वेळी ओढून घेते, तो अमेरिकन फुटबॉल आहे, जमिनीवर कोणीतरी उभा धरून ठेवावा लागतो. आपला फुटबॉल डोक्यात धरून बसलात तर तिने तो धरलाच का हेच कळत नाही.

१ एप्रिलच्या स्ट्रिपबद्दल जास्त सावध राहा. १ एप्रिल १९९७ ला तिथल्या कितीतरी चित्रकारांनी ठरवून एकमेकांच्या स्ट्रिप काढल्या होत्या. ती तारीख न बघता "चित्रकार बदलला का, हात बिघडला का" असं कोणी विचारलं तर शांतपणे तारीख दाखवा.

आणि स्ट्रिप छापून यायच्या कित्येक आठवडे आधी देऊन टाकलेली असते, रविवारची तर आणखी आधी. परवाच्या बातमीवर स्ट्रिपमध्ये काहीच नाही, ही तक्रार करू नका.

टप्पा ७: ग्रुपवर टाकताना

आता टाका. चार गोष्टी असल्याच पाहिजेत: नाव, मूळ तारीख, लिंक, आणि एक प्रश्न किंवा एक निरीक्षण. अशी:

"पीनट्स, मूळ १९६० च्या दशकातली, तारीख लिंकमध्ये. शेवटच्या चौकटीत लूसीचा चेहरा दाखवलाच नाहीये, फक्त पाठ. मला वाटतं तिला वाईट वाटतंय हे लपवायला तसं केलंय. तुम्हाला?"

याला उत्तर देता येतं. "आजची बघा, वाह" याला काय उत्तर देणार, अंगठाच देणार.

कथानकाची स्ट्रिप असेल तर पहिल्या ओळीत "आजपर्यंतचं वाचलं असेल तरच उघडा" असं लिहा आणि मग थोडी जागा सोडा, कारण नोटिफिकेशनमध्ये पहिल्या ओळी दिसतात. गोष्टीचा शेवट लॉकस्क्रीनवर वाचून कितीतरी लोकांचा विरस झालाय.

फुग्यातलं मराठीत सांगायचं असेल तर मूळ इमेजवर चिकटवू नका, खाली वेगळं लिहा. चिकटवलेलं पुढे फॉरवर्ड होतं आणि सहा महिन्यांनी तेच "मूळ" म्हणून परत तुमच्याकडे येतं.

टप्पा ८: वाद घालताना

आधी कशावरून वाद आहे ते ठरवा. मला साधारण चार प्रकार दिसतात. विनोद कळला नाही. पात्र असं वागणार नाही. चित्र किंवा मांडणी जमलेली नाही. आणि हे दुखावणारं आहे. चारही एकदम सुरू झाले की कोणी कोणाला उत्तर देतोय तेच कळेनासं होतं. पहिला प्रकार टप्पा ६ मध्ये मिटतो. तिसऱ्याला चौकटीचा नंबर सांगा, "दुसरी चौकट, उजवीकडचा कोपरा" असं.

दुसरा प्रकार सगळ्यात रंगतो आणि तिथेच जास्त शिस्त लागते. "चिंटू असं बोलणार नाही" असं म्हणायचं तर आधी कधी तो वेगळं बोललाय ती एक तरी स्ट्रिप दाखवा. चिंटूतल्या पप्पू, मिनी, बगळ्या यांच्याबद्दलच्या आपल्या आठवणी गोड असतात पण आठवण पुरावा होत नाही. जुने अंक बघायचेच असतील तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन जुन्या पेपरांबद्दल विचारता येईल.

याच प्रकारातला नेहमीचा प्रश्न, पात्रं मोठी का होत नाहीत. चिंटू इतकी वर्षं तेवढाच, चार्ली ब्राऊन जवळपास पन्नास वर्षं शाळकरीच. हा आळस वाटत असेल त्यांनी गॅसोलिन अॅली बघावी, १९१८ पासूनची, जिच्यात १९२१ च्या फेब्रुवारीत दारात सापडलेलं बाळ खरोखर वाचकांबरोबर मोठं होत गेलं. म्हणजे वाढवायचं की थांबवायचं हा चित्रकाराने केलेला निर्णय आहे. मग प्रश्न असा विचारा की थांबवल्यामुळे या स्ट्रिपला काय मिळालं. माझं मत, चिंटू मोठा झाला असता तर त्याचे प्रश्न मोठ्यांचे झाले असते आणि मोठ्यांना निरुत्तर करणारं ते पोर गेलं असतं. ज्यांना पटत नाही त्यांनी दुसरी बाजू मांडावी, त्यात दम आहे.

चौथा प्रकार वेगळ्या थ्रेडमध्येच ठेवा. डिल्बर्टचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, २०२३ मध्ये ती काढणाऱ्या स्कॉट अॅडम्स यांच्या वक्तव्यांनंतर शेकडो पेपरांनी ती स्ट्रिप बंद केली. "माणूस असा, मग स्ट्रिप वाचायची का" आणि "ही १९९६ सालची ऑफिसवरची स्ट्रिप जमलीय का" हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, दोन्ही महत्त्वाचे आहेत, पण एकाचं उत्तर दुसऱ्यावर फेकून मारू नका. आणि ग्रुपमधली एखादी ताई म्हणाली की हेगारमधले किंवा ब्लाँडीमधले बायकोवरचे विनोद तिला खटकतात, तर "त्या काळी असंच असायचं" एवढं बोलून विषय मिटवू नका. स्ट्रिप कोणत्या वर्षाची ते काढा. पन्नास वर्षांपूर्वीची निघाली तर चर्चा एक, गेल्या महिन्यातली निघाली तर पूर्ण दुसरी.

सावधान: रात्री अकरानंतर उत्तरं द्यायची नाहीत. सकाळी परत स्ट्रिप उघडा, मग लिहा. अर्ध्या वेळेला लिहायची गरजच वाटत नाही कारण तोपर्यंत चौथी चौकट नीट दिसलेली असते.

टप्पा ९: टाइप करून पेटलं तर भेटा

काही वाद स्क्रीनवर सुटत नाहीत, विशेषतः मांडणीवरचे, कारण प्रत्येकाच्या फोनवर ती वेगळी दिसते. अशा वेळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर किंवा कोणाच्या तरी घरी बसा. येताना वादातली स्ट्रिप ए-फोर कागदावर आडवी प्रिंट काढून आणा, सहा दिवसांचं कथानक असेल तर सहाही, वर तारीख पेनाने लिहून. कागद मधे ठेवायचा आणि बोलणाऱ्याने बोट ठेवून बोलायचं, "इथे, या चौकटीत". नवीन कोणी पहिल्यांदा आलं असेल तर त्याला आधी बोलू द्या, आपण वर्षानुवर्षं बघून ज्या गोष्टी गृहीत धरतो त्या त्याला अजून दिसत असतात. घरी गेल्यावर एकाने त्या कागदांचा फोटो तारखांसकट ग्रुपवर टाकून पिन करावा आणि खाली कोणाचं काय म्हणणं होतं ते दोन-दोन ओळींत लिहावं, म्हणजे तीच स्ट्रिप पुढच्या वर्षी फॉरवर्ड होऊन परत आली की पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही.